प्रोस्टेटच्या ऑपरेशनची सव्वाशे वर्षं

गल्लीतले एक आजोबा सुरतेहून ऑपरेशन करून येतात. अंगावर एकही टाका नाही, चार दिवसांत ओट्यावर बसून गप्पा मारायला मोकळे. दुसऱ्या घरातल्या आजोबांना मात्र बेंबीखाली टाके पडलेले असतात, आठवडाभर दवाखान्यात राहून ते घरी येतात. आजार दोघांचा एकच, प्रोस्टेट वाढल्याचा. मग खापरसारख्या गावात, जिथून माणूस अक्कलकुव्याला, तिथून नंदुरबारला आणि कधी सरळ गुजरातेत उपचाराला जातो, तिथे हमखास विचारलं जातं : एकाच आजाराची दोन ऑपरेशनं कशी? त्यातलं खरं कोणतं? आणि ही ऑपरेशनं नव्हती तेव्हा म्हातारी माणसं काय करत होती?

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केली की पहिल्या दोन्हींची उत्तरं मिळत जातात. पण आधी अडतं काय, ते नीट पाहायला हवं.

१. अडतं कुठे

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांमध्ये असणारी ग्रंथी. मूत्राशयाच्या तोंडाशी, खाली, मूत्रनलिकेला चहूबाजूंनी वेढून ती बसलेली असते. वीर्यातला काही द्रव तिथे तयार होतो. तरुणपणी तिचं वजन साधारण २० ग्रॅम असतं. चाळिशीनंतर बहुतेक पुरुषांमध्ये तिचा आतला, नळीला लागून असलेला भाग हळूहळू वाढू लागतो. कुणाची ४० ग्रॅमवर थांबते, कुणाची १०० च्या पुढे जाते. ही वाढ साधी असते, तिचा पुढे कर्करोग होत नाही. कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला होऊ शकतात, एवढं मात्र लक्षात ठेवायचं.

संत्रं डोळ्यांसमोर आणा. आतला गर फुगत जातो आणि मूळची ग्रंथी बाहेरून दबून सालीसारखी पातळ होते. गर आणि साल यांच्यामध्ये एक फट तयार होते. त्या फटीत बोट शिरलं की गर सुटून येतो, साल जागच्या जागी राहते. या प्रकरणातली जवळजवळ सगळी ऑपरेशनं या एका फटीच्या जोरावर उभी आहेत.

आता थोडा हिशेब. दिवसाला दीड लिटर लघवी होत असेल तर तासाला साधारण ६० मिलिलिटर झाली. मूत्राशयात ४०० मिलिलिटर मावतं असं धरू. ते पूर्ण रिकामं होत असेल तर पुन्हा भरायला साडेसहा तास लागतील, रात्र निभावेल. पण वाट अरुंद झाल्यामुळे २८० मिलिलिटर आतच राहत असेल, तर मोकळी जागा उरते १२० ची. ती दोन तासांत भरते. म्हणजे रात्री चार-चार वेळा उठणाऱ्या माणसाला लघवी जास्त होते असं नेहमीच नसतं, त्याचं मूत्राशय रिकामं होत नसतं. असा माणूस रात्री उठायला नको म्हणून दिवसभर पाणी तोडतो. उन्हाळ्यात शेतात राबणाऱ्याने असं केलं की खडा आणि जंतुसंसर्ग यांना आमंत्रणच मिळतं.

आणि एखाद्या रात्री लघवी पूर्ण तुंबते. ओटीपोट दगडासारखं होतं, थेंबही पडत नाही. ते दुखणं ज्याने भोगलंय त्याला वर्णन सांगायला नको.

२. नळीच्या आधारावर जगणं

लघवी तुंबण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेत मूत्राघाताचे १३ प्रकार सांगितले आहेत, सुश्रुतसंहितेत १२. त्यांतल्या वाताष्ठीला या प्रकारात गुदद्वार आणि मूत्राशय यांच्यामध्ये गोट्यासारखी टणक गाठ होऊन लघवी अडते असं वर्णन आहे. आजचे वैद्य त्याचा संबंध प्रोस्टेटशी लावतात. सुश्रुताने ही गाठ कापून काढायला सांगितलेली नाही. मूतखडा काढायची शस्त्रक्रिया मात्र त्याने तपशिलाने लिहून ठेवली : गुदद्वारात बोट घालून खडा खाली दाबत आणायचा आणि मांड्यांच्या मधल्या जागेत, मधल्या शिवणीच्या डावीकडे छेद घ्यायचा. राजाची परवानगी आधी घ्या, असंही तो बजावतो. कारण शस्त्रक्रिया न केली तर मृत्यू नक्की आणि केली तर जगण्याची शंका. गुदद्वारातल्या त्या बोटाची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

युरोपात शेकडो वर्षं उपाय एकच होता, नळी. आधी धातूची; १८६० च्या सुमारास नेलाटाँ या फ्रेंच सर्जनने मऊ रबराची नळी आणली. तुंबलेली लघवी नळीने काढता येते, पण दिवसातून तीन-चार वेळा, मरेपर्यंत. जंतूंची कल्पना नव्हती तेव्हा तीच नळी पुसून पुन्हा वापरली जायची. संसर्ग मूत्राशयातून वर मूत्रपिंडांत जायचा, थंडी वाजून ताप भरायचा आणि काही महिन्यांत, फार तर काही वर्षांत माणूस संपायचा. म्हातारपणाने गेला, असं घरचे म्हणायचे.

३. नसबंदीचा विसरलेला जन्म

१८९० च्या दशकात काही सर्जनांनी वेगळा विचार केला. ज्यांचे अंडकोष लहानपणीच काढलेले असतात त्यांचं प्रोस्टेट वाढत नाही, हे माहीत होतं. मग अंडकोष काढले तर वाढलेलं प्रोस्टेट आक्रसेल का? फिलाडेल्फियाच्या विल्यम व्हाइटने १८९३ मध्ये हा मार्ग सुचवला आणि पुढच्या काही वर्षांत तो पुष्कळ रुग्णांवर वापरला गेला. ज्यांना एवढं टोक नको होतं त्यांच्यासाठी लंडनच्या रेजिनाल्ड हॅरिसनने फक्त वीर्यनलिका कापून पाहिली. आज जिला आपण नसबंदी म्हणतो ती माणसावर अशी सुरू झाली, कुटुंब लहान ठेवण्यासाठी नव्हे, प्रोस्टेट लहान करण्यासाठी.

प्रोस्टेट त्याने लहान होत नाही. आणि नसबंदीने प्रोस्टेट वाढतही नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण शिबिरात नसबंदी केलेल्या पिढीतले अनेक जण आता साठी-सत्तरीत आहेत आणि लघवीचा त्रास सुरू झाला की बोट त्या शिबिराकडे जातं. तो दोष वयाचा आहे.

व्हाइटचा उपाय मागे पडला, पण प्रोस्टेटची वाढ पुरुषी हार्मोनवर पोसली जाते ही त्यामागची गोष्ट खरी होती. ती शंभर वर्षांनी गोळीच्या रूपाने परत आली.

४. मुरादाबाद, इंदूर, लंडन

पीटर फ्रेयर आयर्लंडमधल्या गॉलवे भागातला. १८७५ मध्ये तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाला आणि मुरादाबाद, बरेली, अलाहाबाद, बनारस अशा ठिकाणी सिव्हिल सर्जन म्हणून राहिला. उत्तर भारतात त्या काळी मूत्राशयातल्या खड्यांचे रुग्ण अमाप होते, त्यांत लहान मुलंही पुष्कळ. १८७८ मध्ये बोस्टनच्या बिगेलोने नवी पद्धत काढली होती : मूत्रनलिकेतून जाड उपकरण आत घालून खडा आतच फोडायचा आणि त्याच बैठकीत चुरा पाण्याबरोबर खेचून बाहेर काढायचा. पोटावर काही कापायचं नाही. ही पद्धत लहान मुलांनाही चालते हे दाखवून दिलं होळकरांच्या इंदुरात काम करणाऱ्या डेनिस कीगन या सर्जनने. त्याचं या विषयावरचं पुस्तक १८८७ चं, फ्रेयरचं त्याच्या आदल्या वर्षीचं. रामपूरच्या नवाबाचा खडा काढल्याबद्दल फ्रेयरला एक लाख रुपये बिदागी मिळाली आणि त्या रकमेवरून सरकारी वर्तुळात चांगलाच वाद झाला.

मला या भागाचं मोल फार वाटतं. मूत्राशय म्हणजे काय, त्याच्या तोंडाशी बोटाला आणि उपकरणाला काय लागतं, रक्त किती येतं आणि कधी थांबतं, हे फ्रेयरचा हात आपल्याकडच्या शेतकरी-कारागिरांच्या आणि त्यांच्या मुलांच्या शरीरांवर शिकला. प्रोस्टेटच्या ऑपरेशनचा इतिहास लिहिताना ती माणसं वगळली जातात, कारण त्यांची नावं कुठे नाहीत.

१८९६ मध्ये निवृत्त होऊन फ्रेयर लंडनच्या सेंट पीटर्स रुग्णालयात गेला. १ डिसेंबर १९०० रोजी तिथे त्याने ६९ वर्षांच्या, नळीवर जगणाऱ्या एका रुग्णाचं ऑपरेशन केलं. ते असं : मूत्राशय पाण्याने फुगवायचं. बेंबीच्या खाली, जांघेच्या हाडाच्या वर छेद घेऊन मूत्राशय उघडायचं. एका हाताचं बोट आत. दुसऱ्या हाताचं बोट गुदद्वारातून घालून प्रोस्टेट वर उचलून धरायचं. मूत्राशयाच्या तळाशी उंचवट्यासारखी जी गाठ लागते तिच्यावरचं आवरण नखाने खरवडायचं आणि बोट त्या फटीत सरकवून गोल फिरवायचं. काही मिनिटांत गाठ सुटून हातात येते. सुश्रुताचा सर्जन बोटाने खडा खाली दाबत होता, फ्रेयरचं बोट गाठ वर ढकलत होतं.

गाठ काढणं हा तसा सोपा भाग होता. काढल्यावर जी पोकळी उरायची तिच्यातून रक्त भळभळायचं आणि लघवीला जायला वाट नसायची. फ्रेयर गरम पाण्याने धुऊन काढायचा, बोटांनी दाब द्यायचा आणि अंगठ्याएवढी जाड रबरी नळी जखमेतून बाहेर काढून ठेवायचा. पुढचे बरेच दिवस लघवी त्या वाटेने पट्ट्यांवर गळत राहायची. परिचारिका दिवसातून अनेकदा पट्ट्या बदलायच्या. दोन-तीन आठवड्यांनी जखम मिटत आली की माणूस नेहमीच्या वाटेने लघवी करायचा, कित्येक वर्षांनी पहिल्यांदा.

जुलै १९०१ मध्ये त्याने चार रुग्णांची हकिकत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली. श्रेयावरून भांडण झालंच. न्यूयॉर्कच्या यूजीन फुलरने १८९४ मध्येच अशी गाठ मूत्राशयातून काढली होती आणि तिथल्या रॅमन गिटेरास या सर्जनने लंडनला येऊन फ्रेयरला त्याची कल्पना दिली होती. आधी कोणी केलं याचा निकाल फुलरच्या बाजूने लागतो, यात मला शंका नाही. पण जगभर ती पोहोचवली फ्रेयरने. पहिल्या हजारभर रुग्णांत त्याचं मृत्यूचं प्रमाण शंभरात पाच-सहा होतं. प्रतिजैविकं नाहीत, रक्तपेढी नाही, रुग्ण सगळे सत्तरीच्या आसपासचे. अशा काळात हा आकडा लहान नव्हे.

आपण अख्खी ग्रंथी काढतो असं फ्रेयरला वाटायचं. प्रत्यक्षात निघत होता गर. साल मागे राहत होती. हा मुद्दा शेवटी लागेल.

१९१२ मध्ये फ्रान्सच्या क्लेमांसो या राजकारण्याचं प्रोस्टेट काढलं गेलं, वय सत्तर. पाच वर्षांनी, पहिलं महायुद्ध ऐन भरात असताना, तो फ्रान्सचा पंतप्रधान झाला.

५. मूत्राशयाला हात न लावता

बाल्टिमोरच्या ह्यू यंगने १९०३ मध्ये खालून, मांड्यांच्या मधून गाठ काढायची पद्धत बसवली. तिचा प्रसार मर्यादित राहिला. मोठा बदल झाला तो डिसेंबर १९४५ मध्ये. टेरेन्स मिलिन या आयरिश सर्जनने लॅन्सेटमध्ये २० रुग्णांचा अनुभव लिहिला. छेद पोटावरच, पण मूत्राशय उघडायचंच नाही. जांघेचं हाड आणि मूत्राशय यांच्यामधल्या जागेतून समोरून प्रोस्टेटपर्यंत जायचं, साल कापायची, गर काढायचा आणि साल शिवून टाकायची. फ्रेयरचं बोट आंधळेपणाने काम करत होतं. मिलिनला रक्त येणारी जागा डोळ्यांनी दिसत होती आणि टाका घालता येत होता.

त्याच सुमारास पेनिसिलिन आलं, रक्त चढवणं सोपं झालं. आणि त्याआधी दहा वर्षं फ्रेडरिक फोली या अमेरिकी डॉक्टरने टोकाला फुगा असलेली नळी तयार केली होती. आत गेल्यावर फुगा पाण्याने फुगवला की नळी निसटत नाही, आणि थोडी ओढून ठेवली की फुग्याच्या दाबाने रक्तही थांबतं. आज खेड्यातल्या दवाखान्यातही ‘नळी टाकली’ म्हणतात ती हीच. माझ्या मते या सगळ्या इतिहासात कोणत्याही सुरीपेक्षा जास्त माणसं या फुग्याने वाचवली.

६. आलेल्या वाटेनेच आत

मूत्रनलिकेतून आत पाहायचं तर उजेड हवा. जर्मनीच्या माक्स नित्झेने १८७७ ते १८७९ मध्ये पहिली उपयोगी दुर्बीण बनवली. तिच्या टोकाला विजेने तापून उजळणारी प्लॅटिनमची तार होती आणि ती भाजू नये म्हणून सतत पाणी सोडावं लागायचं. पुढे कापायची सोय हवी. न्यूयॉर्कच्या मॅक्सिमिलियन स्टर्नने १९२६ मध्ये विजेच्या तारेच्या फासाने कापणारं उपकरण दाखवलं. थिओडोर डेव्हिस या आधी वीज-अभियंता असलेल्या डॉक्टरने कापणारा आणि रक्त थांबवणारा असे दोन्ही प्रवाह त्यात आणले, आणि १९३१ च्या सुमारास जोसेफ मॅकार्थीने त्याला आजचं रूप दिलं. उजेड आणि चित्र स्पष्ट झालं ते इंग्लंडच्या हॅरल्ड हॉपकिन्समुळे. त्याने १९५९ मध्ये काचेच्या कांड्यांची भिंगं वापरली. उजेड आत नेणाऱ्या काचतंतूंवर त्याच्याबरोबर आधी काम करणारा नरिंदरसिंग कपानी पंजाबातल्या मोग्याचा.

गावात ज्याला ‘दुर्बिणीतून’ म्हणतात ते ऑपरेशन हे. कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात. पेन्सिलीएवढं उपकरण मूत्रनलिकेतून जातं. टोकाची अर्धगोल तार मागेपुढे होते आणि दर वेळी गराचा लांबट तुकडा सुटतो. असे ढिगाने तुकडे पाण्याबरोबर बाहेर काढतात आणि तपासणीला पाठवतात. साल राखायची. तिच्या पलीकडे गेलं तर रक्तस्राव, आणि खालच्या टोकाला गेलं तर लघवी धरून ठेवणारा स्नायू दुखावतो. म्हणून या कामाला हात बसायला वर्षं लागतात.

नंतर तीन तोंडांची नळी असते. एका तोंडातून सलाईनचं पाणी आत जातं, दुसऱ्यातून पिशवीत येतं, तिसरं फुग्याचं. पिशवी लाल दिसली की नातेवाईक घाबरतात. थोडं रक्त बादलीभर पाण्याला रंग देतं. वाहतं आहे आणि रंग फिका होत चालला आहे, हे पाहायचं. वाहणं थांबलं तर मात्र लगेच सिस्टरला हाक मारायची, कारण नळीत गुठळी अडकलेली असू शकते.

७. पाण्याचा धोका

ऑपरेशन चालू असताना आत सतत पाणी खेळवावं लागतं. मिठाचं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे जुन्या उपकरणाची तार त्यात कापत नसे. साधं शुद्ध पाणी उघड्या शिरांतून रक्तात गेलं तर रक्तपेशी फुटतात. हे अमेरिकेच्या क्रीव्हीने १९४७ मध्ये दाखवल्यावर ग्लायसिन हे वीज न वाहणारं द्रव्य घातलेलं पाणी आलं. पेशी वाचल्या, पण दुसरा धोका राहिला. हिशेब करून पाहा : पेशींबाहेरचं पाणी साधारण १४ लिटर, त्यात सोडियम लिटरमागे १४० मिलिमोल. दोन लिटर बिनमिठाचं पाणी शोषलं गेलं तर १४० गुणिले १४ भागिले १६, म्हणजे सुमारे १२२. या पातळीला माणूस बरळू लागतो, ओकाऱ्या येतात, झटकेही येऊ शकतात.

म्हणूनच सर्जन घड्याळ लावून तासाभरात थांबत. मोठी गाठ तासात कापून होत नाही. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर इथे आहे : गाठ मध्यम असेल तर दुर्बीण, फार मोठी असेल किंवा मूत्राशयात मोठा खडाही असेल तर पोटावरून. दोन्ही खरी. पोटावरचं ऑपरेशन करणारा सर्जन जुन्या काळात अडकलेला असतो असं समजू नये.

आमच्या खानदेशात हे नीट समजून घ्यायला हवं, कारण इथे युरॉलॉजिस्ट, म्हणजे लघवीच्या विकारांचे तज्ज्ञ सर्जन, मोजके आणि सगळं अंगावर घेणारे ग्रामीण सर्जन हाच आधार. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. आर. आर. टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं निर्जंतुक केलेलं कापड हर्नियासाठी वापरलं आणि इतर सर्जनांबरोबर त्याचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. हर्निया आणि प्रोस्टेट यांचं नातंही जवळचं. लघवीसाठी रोज जोर करणाऱ्या म्हाताऱ्याला हर्निया होतो; नुसता हर्निया शिवला आणि जोर तसाच राहिला तर तो पुन्हा येतो. म्हणून जांघेतला फुगवटा दाखवायला आलेल्या वयस्क माणसाला चांगला सर्जन आधी लघवीचं विचारतो.

८. गोळी आली

१९७० च्या दशकात कळलं की मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू आवळल्यामुळेही वाट अरुंद होते. ते सैल करणारी औषधं आली. टॅम्सुलोसिन त्यांतलं आज सगळ्यात जास्त लिहिलं जाणारं. काही दिवसांत धार सुधारते, गाठ तेवढीच राहते. दुसऱ्या जातीचं औषध गाठच लहान करतं. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत एक विकर जन्मतः कमी असलेले पुरुष होते, त्यांचं प्रोस्टेट आयुष्यभर लहान राहायचं. १९७४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. ते विकर अडवणारं फिनास्टेराइड १९९२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. व्हाइटला जे शस्त्राने साधायचं होतं ते रोजच्या एका गोळीने, सहा महिने धीर धरून, बरंचसं साधतं.

या औषधांनी ऑपरेशनं खूप कमी केली. तरी लघवी पुन्हा पुन्हा तुंबणं, वारंवार संसर्ग, लघवीतून रक्त, मूत्राशयात खडा, किंवा सोनोग्राफीत मूत्रपिंडांना सूज, यांतलं काही असेल तर गोळ्यांवर दिवस काढू नयेत. मूत्रपिंडाला सूज येते तेव्हा दुखतंच असं नाही.

१९६३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान मॅकमिलन यांची लघवी अशीच तुंबली. आजार गंभीर आहे असं समजून त्यांनी पद सोडलं. वाढ साधी होती. ते १९८६ पर्यंत जगले.

९. पुन्हा त्या फटीत

१९९० च्या दशकात न्यूझीलंडमधल्या टाउरांगा या लहान शहरात पीटर गिलिंग यांनी होल्मियम लेझर वापरून वेगळंच केलं. तुकडे पाडत बसण्याऐवजी दुर्बिणीतूनच गर आणि साल यांच्यामधल्या फटीत शिरायचं, अख्खा गर सोडवून मूत्राशयात ढकलायचा आणि तिथे त्याचा चुरा करून खेचून घ्यायचा. म्हणजे फ्रेयरच्या बोटाचं काम, मिलिनची नजर आणि बिगेलोची चुरा खेचायची युक्ती एकत्र आली. मिठाचं पाणी चालतं, त्यामुळे घड्याळाचा धाक गेला, आणि १०० ग्रॅमच्या वरची गाठही पोट न उघडता निघते. आता तारेची उपकरणंही मिठाच्या पाण्यात चालणारी आली आहेत. गुजरातेतल्या नडियादचं १९७८ मध्ये सुरू झालेलं मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल देशातल्या जाणत्या केंद्रांपैकी एक आहे.

ऑपरेशनआधी पुरुषांच्या मनात जे असतं आणि जे ते विचारत नाहीत तेही सांगायला हवं. बहुतेकांची ताठरता आधी होती तशी राहते. वीर्य मात्र बऱ्याचदा बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं आणि लघवीबरोबर निघून जातं. त्याने अपाय होत नाही, पण मूल हवं असेल तर हे आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

आणि पुन्हा वाढतं का? तारेने कापताना थोडा गर मागे राहिला तर काही वर्षांनी तो वाढू शकतो आणि काहींना पुन्हा दुर्बीण घालावी लागते. अख्खा गर काढला असेल तर अशी वेळ क्वचित येते. साल मात्र प्रत्येक पद्धतीत राहतेच, आणि कर्करोग बहुधा तिथेच सुरू होतो. प्रोस्टेट काढलंय म्हणून आता तपासणी नको, असं म्हणणाऱ्याला त्याचं प्रोस्टेट अजून जागेवर आहे हे कुणीतरी सांगायला हवं. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी करतात ती रक्तातली पीएसएची तपासणी किती दिवसांनी करायची, हे नळी काढायच्या दिवशीच सर्जनला विचारून कागदावर लिहून घ्यावं, आणि काढलेल्या तुकड्यांचा रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवावा.